ताप तीन दिवसांत गेला, मग खोकला तीन आठवडे का जात नाही? थांबायचं कधी आणि तपासायचं कधी?

ताप उतरून दहा दिवस झाले. अंगदुखी गेली, तोंडाला चव आली, ऑफिसही सुरू झालं. पण रात्री पाठ टेकली की घशात खवखव सुरू होते आणि ढास लागते. मीटिंगमध्ये बोलायला तोंड उघडलं की पहिल्याच वाक्याला ठसका. लोकलमध्ये खोकला आला की शेजारचा प्रवासी हळूच मान फिरवतो. आणि घरातलं कुणीतरी रोज विचारतं, "अजून गेला नाही? अँटिबायोटिकचा एक कोर्स करून टाक ना."

पावसाळ्यात आणि नंतर जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, म्हणजे फ्लूच्या दोन्ही हंगामांमध्ये, महाराष्ट्रातल्या अनेक घरांत हेच चित्र दिसतं.

अशा वेळी फोनवर शोधलं तर दोन सल्ले मिळतात. पहिला : 'व्हायरल झाल्यावर खोकला तीन आठवडे राहू शकतो, घाबरू नका.' दुसरा : 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करा.' दोन्ही सल्ले बरोबर आहेत. पण एकत्र वाचले की माणूस गोंधळतो. काहीजण घाबरून पाचव्या दिवशीच औषधांचा मारा सुरू करतात, तर काहीजण 'व्हायरलच आहे' म्हणत दोन महिने काढतात.

मग नेमकं काय करायचं? मुद्देसूद समजून घेऊया.

खोकला किती दिवस राहणं नेहमीचं?

डॉक्टर मोठ्या माणसांच्या खोकल्याचे दिवसांनुसार तीन गट करतात. तीन आठवड्यांपर्यंतचा खोकला तात्पुरता, तीन ते आठ आठवड्यांचा लांबलेला आणि आठ आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर जुनाट. मुलांच्या बाबतीत चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकलाच जुनाट मानला जातो.

सर्दी किंवा फ्लू होऊन गेल्यावर तीन ते आठ आठवडे टिकणारा खोकला इतका सर्रास आढळतो की त्याला संसर्गानंतरचा खोकला असं वेगळं नावच आहे. कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २०२४ साली आलेल्या एका लेखानुसार, श्वसनाचा संसर्ग झालेल्या प्रौढांपैकी ११ ते २५ टक्के लोकांना हा त्रास होतो.

अडचण आपल्या अपेक्षेत आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या संशोधकांनी २०१३ साली एक साधा प्रश्न घेतला : खोकला किती दिवस राहील असं लोकांना वाटतं आणि तो खरंच किती दिवस राहतो? लोकांचा अंदाज होता सात ते नऊ दिवस. आधीच्या अभ्यासांची सरासरी काढली तर प्रत्यक्षातला आकडा निघाला जवळपास १८ दिवस.

म्हणजे साधारण आठव्या-नवव्या दिवशी आपला धीर सुटतो, तेव्हा खोकला बहुधा अर्ध्या वाटेवर असतो. नको असलेली बहुतेक औषधं याच मधल्या दिवसांत घेतली जातात.

भारतातही हे वेळोवेळी सांगितलं गेलं आहे. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ फ्लूची साथ होती, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने पत्रक काढून स्पष्ट केलं होतं की, ताप तीन दिवसांत जातो, पण खोकला तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

विषाणू गेला, मग खोकला कशाचा?

खोकला हा आजार नाही, ती शरीराची संरक्षणाची यंत्रणा आहे. श्वासनलिकेत धूळ, कफ किंवा पाण्याचा थेंब गेला तर तो बाहेर फेकण्यासाठी ही यंत्रणा काम करते. घशापासून श्वासनलिकेपर्यंत पसरलेली मज्जातंतूंची टोकं मेंदूला इशारा देतात आणि क्षणात खोकला येतो.

फ्लूसारखा विषाणू श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतो. या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते कफ आणि धूळ सतत वरच्या दिशेने ढकलत असतात. संसर्गात हे अस्तर सोलवटतं आणि त्याखालची मज्जातंतूंची टोकं जवळजवळ उघडी पडतात. विषाणू आठवडाभरात निघून जातो, पण अस्तर भरून यायला काही आठवडे लागतात. गुडघा खरचटल्यावर त्या जागी नुसता वारा लागला तरी झोंबतं, तसंच हे.

त्यामुळे एरवी जाणवलाही नसता असा फोडणीचा ठसका, एसीची थंड हवा, अगरबत्तीचा धूर, परफ्यूमचा वास, जोरात हसणं, फोनवर जास्त वेळ बोलणं यातलं काहीही खोकल्याला पुरेसं होतं. आणि प्रत्येक जोरदार उबळ त्याच नाजूक जागेला पुन्हा डिवचते. खोकल्यामुळे खोकला, असं चक्र सुरू होतं.

त्यात नाकातला स्राव घशात उतरत असेल तर आडवं झाल्यावर त्रास वाढतो. दिवसभर ठीक असलेला माणूस रात्री का खोकतो, याचं हे एक कारण.

इथे एक दिलासा आहे. फ्लूचा रुग्ण साधारणपणे पहिले पाच-सात दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतो. ताप जाऊन दोन आठवडे झाल्यावर उरलेली कोरडी ढास सहसा संसर्गजन्य नसते. याला एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येईलच.

अँटिबायोटिक घेतलं तर लवकर जाईल का?

बहुतेक वेळा नाही. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं. विषाणूवर त्याचा परिणाम होत नाही आणि सोलवटलेलं अस्तर भरून काढणं हे तर त्याचं कामच नाही.

युरोपातल्या १२ देशांमध्ये खोकला आणि छातीच्या संसर्गाच्या सुमारे दोन हजार प्रौढ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली होती. न्यूमोनियाची शंका नसलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना अमॉक्सिसिलिन दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. बरं होण्याच्या वेगात दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. मळमळ, जुलाब, पुरळ असे त्रास मात्र अमॉक्सिसिलिन घेणाऱ्यांमध्ये जास्त होते.

'पण कफ पिवळा-हिरवा पडतोय, म्हणजे इन्फेक्शन असणार,' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कफाचा रंग प्रामुख्याने शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींमुळे बदलतो. साध्या विषाणूच्या संसर्गातही तो पिवळा किंवा हिरवा होऊ शकतो. त्यामुळे केवळ रंगावरून अँटिबायोटिकचा निर्णय होत नाही.

मग लोकांना फरक पडल्यासारखं का वाटतं? कारण गोळी सुरू होते दहाव्या-बाराव्या दिवशी, जेव्हा खोकला आपोआप उतरणीला लागलेला असतो. श्रेय गोळीला मिळतं. पुढच्या वेळी तीच पट्टी थेट मेडिकलमधून आणली जाते.

२०२३ च्या त्याच पत्रकात आयएमएने अझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिक्लॅव्ह या औषधांची नावं घेऊन, लोक ती मनाने सुरू करतात आणि बरं वाटताच मधेच सोडतात, याबद्दल चिंता व्यक्त केली होती. असं केल्याने जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही.

भारतात याला आणखी एक पदर आहे. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूवरही काही प्रमाणात काम करतात. ती 'बघू तरी' म्हणून घेतली तर लक्षणं तात्पुरती दबतात आणि टीबीचं निदान लांबतं.

स्टिरॉइडच्या गोळ्यांबाबतही असंच. दमा नसलेल्या प्रौढांना छातीच्या संसर्गात प्रेडनिसोलोन देऊन फायदा होतो का, हे ब्रिटनमध्ये तपासलं गेलं. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार खोकल्याचे दिवस कमी झाले नाहीत.

कफ सिरपच्या बाटलीत काय असतं?

मेडिकलमध्ये 'खोकल्याचं द्या' म्हटल्यावर मिळणारी बाटली म्हणजे एक औषध नसतं. बहुतेकदा ते दोन-तीन किंवा चार औषधांचं मिश्रण असतं. ढोबळमानाने पाच प्रकार आहेत.

• खोकला दाबणारी : उदा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कोडीन. कोडीनची सवय लागू शकते.

• कफ पातळ करणारी : उदा. अँब्रोक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन.

• अ‍ॅलर्जीविरोधी : उदा. क्लोरफेनिरामिन. याने झोप येते, त्यामुळे घेऊन गाडी चालवणं धोक्याचं.

• श्वासनलिका रुंदावणारी : उदा. टर्ब्युटालिन, लेव्होसाल्ब्युटामॉल. यांनी हात थरथरणं किंवा छातीत धडधड होऊ शकते.

• नाक मोकळं करणारी : उदा. फिनाइलेफ्रिन. बीपी असलेल्यांनी जपून.

कफ बाहेर काढणारं आणि खोकलाच दाबणारं औषध एकाच वेळी घेण्याला फारसा अर्थ नाही. पण लेबल न वाचता घरातल्या दोन वेगवेगळ्या बाटल्या घेतल्या तर नेमकं तेच होतं.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. अनेक सिरपमध्ये भरपूर साखर असते, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी साखरविरहित प्रकाराबद्दल विचारावं. आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या सुरू असताना डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून कोणती औषधं सुरू आहेत ते आधी सांगावं.

या सगळ्या बाटल्यांचा उपयोग किती? काही रात्री झोप लागावी म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध घेणं समजण्यासारखं आहे. पण सिरपमुळे खोकल्याचे एकूण दिवस कमी होतात, असा भक्कम पुरावा नाही.

लहान मुलांच्या बाबतीत नियम वेगळा

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात जे घडलं, त्यानंतर हा विषय केवळ 'फायदा नाही' एवढ्यावर थांबत नाही.

तिथे सर्दी-खोकल्यासाठी 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप घेतलेल्या लहान मुलांच्या किडन्या निकामी झाल्या. वीसहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. छिंदवाड्याच्या लोकांसाठी मोठ्या उपचारांचं जवळचं शहर म्हणजे नागपूर. त्यामुळे अनेक मुलांना नागपुरात आणलं होतं आणि त्यातल्या काहींनी इथेच शेवटचा श्वास घेतला.

हे सिरप तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालं होतं. तिथल्या औषध प्रशासनाच्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळलं. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्के. हे औद्योगिक वापराचं रसायन आहे. सिरपमध्ये औषध विरघळवण्यासाठी वापरले जाणारे घटक शुद्ध नसतील किंवा त्यांची तपासणी झाली नसेल, तर ते त्यात येऊ शकतं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही संबंधित बॅचची विक्री आणि वापर थांबवण्याच्या सूचना दिल्या होत्या.

महाराष्ट्राला हे रसायन नवं नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेलं ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली होती. जवळपास चाळीस वर्षांनी तेच रसायन मुलांच्या खोकल्याच्या औषधात सापडलं.

छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सूचना जारी केल्या. त्यानुसार दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. त्याआधी, २०२३ च्या डिसेंबरमध्ये, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचे आदेश औषध महानियंत्रकांनी दिले होते.

म्हणून मोठ्या भावंडाची उरलेली बाटली, शेजाऱ्यांनी सुचवलेलं सिरप किंवा मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून आणलेलं औषध लहान मुलांना देऊ नये. मुलाला सिरप दिल्यावर लघवी कमी झाली किंवा थांबली, उलट्या सुरू झाल्या, मूल सुस्त पडलं, तर बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावं.

दोन आठवडे की तीन? टीबीचा प्रश्न

आता सुरुवातीच्या गोंधळाकडे येऊया.

जगातल्या एकूण टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. टीबी आणि साधा लांबलेला खोकला सुरुवातीला सारखेच वाटू शकतात. म्हणूनच राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचा नियम आहे : दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या प्रत्येकाची टीबीसाठी तपासणी व्हायला हवी.

याचा अर्थ पंधराव्या दिवशी खोकणाऱ्या प्रत्येकाला टीबी झालाय असा अजिबात नाही. बहुतेकांना तो नसतोच. पण तपासल्याशिवाय ते कळणार नाही आणि चूक झाली तर किंमत घरातले सगळे मोजतात. संसर्गाबद्दल वर उल्लेख केलेला अपवाद तो हाच. फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून हवेत पसरतो. उपचार सुरू होईपर्यंत तो घरातल्या लहान मुलांपर्यंत आणि आजी-आजोबांपर्यंत पोहोचू शकतो.

'थांबा' आणि 'तपासा' हे दोन सल्ले त्यामुळे एकमेकांच्या विरोधात नाहीत. औषधांच्या बाबतीत थांबायचं असतं, तपासणीच्या बाबतीत नाही. दोन आठवडे उलटले की एक तपासणी करून घ्यायची. ती स्वच्छ आली आणि डॉक्टरांना इतर काही शंका वाटली नाही, तर पुढचे काही आठवडे निश्चिंत मनाने खोकला कमी होण्याची वाट पाहायची.

तपासणी अवघड नाही. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते. ट्रूनॅट आणि सीबीनॅट या चाचण्यांचा निकाल काही तासांत मिळू शकतो आणि जंतू रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो की नाही, हेही कळतं. यातली ट्रूनॅट ही चाचणी गोव्यातल्या कंपनीने विकसित केली आहे आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या वापराला मान्यता दिली. गरज पडल्यास छातीचा एक्स-रे काढला जातो. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा टीबी कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक आहे.

लोकांना अडवते ती भीती. 'टीबीची टेस्ट केली हे सोसायटीत कळलं तर?', 'मुलीच्या लग्नात अडचण येईल', 'ऑफिसमध्ये काय सांगणार?' या विचाराने तपासणी पुढे ढकलली जाते. पण टीबीवर उपचार आहेत, ते मोफत आहेत आणि उपचार सुरू असताना पोषण आहारासाठी सरकारकडून महिना १,००० रुपये मिळतात. योग्य औषधं सुरू झाली की संसर्ग देण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. धोका निदान झालेल्या टीबीपेक्षा न झालेल्या टीबीचा जास्त असतो.

टीबी नाही, तरी खोकला जात नाही. मग?

आठ आठवडे होऊनही खोकला टिकला असेल तर 'अजून त्या व्हायरलचाच आहे' हे उत्तर पुरेसं नाही. मग इतर कारणं शोधावी लागतात. नेहमी आढळणारी काही कारणं अशी :

दमा : प्रत्येक दम्यात धाप लागतेच असं नाही. काहींमध्ये खोकला हे एकमेव लक्षण असतं. पहाटे, थंड हवेत किंवा जिने चढल्यावर वाढणारा खोकला ही त्याची खूण असू शकते. अशा वेळी इन्हेलरचा खरा उपयोग होतो. 'पंप लागला की कायमचा लागतो' हा गैरसमज आहे.

अ‍ॅसिडिटी : पोटातलं आम्ल वर येऊन घशाला डिवचतं. उशिरा जेवून लगेच झोपणाऱ्यांना हा त्रास जास्त. प्रत्येकाला छातीत जळजळ जाणवतेच असं नाही.

नाक आणि सायनस : सतत घसा साफ करावासा वाटणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं.

बीपीची गोळी : रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांमुळे काहींना कोरडा खोकला येतो. ही गोळी मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते दुसऱ्या गटातली गोळी देऊ शकतात.

डांग्या खोकला : लहानपणी लस घेतलेल्या मोठ्यांनाही होऊ शकतो, कारण लशीचं संरक्षण वर्षांनुवर्षं टिकत नाही. एकामागून एक उबळ, शेवटी उलटी, असं त्याचं स्वरूप असतं. घरात तान्हं बाळ असेल तर जास्त काळजी घ्यावी, कारण बाळासाठी तो जीवघेणा ठरू शकतो.

तंबाखू आणि धूर : बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना 'सकाळचा खोकला' नेहमीचा वाटतो. पण त्या खोकल्याचं स्वरूप बदललं तर तपासणी हवीच. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेल्या बायकांमध्येही फुप्फुसाचा जुनाट आजार आढळतो, आयुष्यात एकदाही सिगारेट न ओढता.

हवा बिघडली असेल तर घसा कसा बरा होणार?

सोलवटलेलं अस्तर भरून येण्यासाठी स्वच्छ हवा लागते. पण जो काळ खोकल्याचा, तोच मुंबई-पुण्यासारख्या शहरांमध्ये धुरक्याचा. बांधकामाची धूळ, वाहनांचा धूर, जाळला जाणारा कचरा आणि दिवाळीतले फटाके हे सगळं त्याच नाजूक घशात जातं.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली होती की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांसाठी धूळ रोखण्याची नियमावली काढली. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची २४ तासांची मर्यादा भारतात ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती १५ असावी. म्हणजे आपल्याकडे 'मर्यादेत' असलेली हवासुद्धा दुखऱ्या श्वासनलिकेसाठी चांगली असेलच असं नाही.

शहराची हवा एका माणसाला बदलता येत नाही. घरातली थोडी बदलता येते. महिनाभर अगरबत्ती, धूप आणि मच्छरची कॉइल बंद ठेवणं, फोडणी देताना खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट सुरू ठेवणं, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, धुळीच्या रस्त्यावर मास्क लावणं, एवढं तरी करता येतं.

घरी काय केल्याने बरं वाटतं?

मध : आजीच्या या उपायाला संशोधनाचाही आधार आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य मार्गदर्शक संस्थेनेही साध्या खोकल्यासाठी अँटिबायोटिकच्या आधी मधासारखे उपाय सुचवले आहेत. झोपण्याआधी एक चमचा पुरे. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवूसुद्धा नये. त्यातून बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मधुमेह असलेल्यांनी मध साखरेतच मोजावा.

कोमट पाणी : घोट-घोट, दिवसभर. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी खवखव कमी होते.

ज्येष्ठमध : चघळल्याने घसा ओला राहतो. पण रोज जास्त प्रमाणात घेतल्यास बीपी वाढू शकतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर टाळलेलं बरं.

काढा : आलं-तुळशीचा हलका काढा चालेल. पण मिरी-लवंगांचा तिखटजाळ काढा दिवसातून चारदा घेतला तर अ‍ॅसिडिटी वाढते आणि अ‍ॅसिडिटीने पुन्हा खोकला.

वाफ : नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण वाफेने खोकल्याचे दिवस कमी होत नाहीत. उकळत्या पाण्याचं पातेलं सांडून मुलं भाजण्याचे प्रकार मात्र होतात. लहान मुलांना पातेल्यावर वाफ देऊ नये.

उशी : डोकं आणि पाठ थोडी उंच ठेवून झोपल्यास रात्रीची ढास कमी होते. रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावं.

उबळ थोपवणं : कफ नसताना नुसती खवखव होत असेल, तर लगेच खोकायचं नाही. तोंड मिटायचं, एक आवंढा गिळायचा किंवा पाण्याचा घोट घ्यायचा, मग नाकाने हळूहळू श्वास घ्यायचा. दर वेळी जमणार नाही, पण जेवढ्या उबळी टळतील तेवढी ती जागा लवकर भरून येईल. जुनाट खोकल्यात स्पीच थेरपिस्ट याच पद्धती शिकवतात.

खोकल्याबरोबर येणारे, पण न सांगितले जाणारे त्रास

खोकल्याने बरगड्या दुखतात, हे लोक सांगतात. पण जोरात खोकल्यावर लघवीचे थेंब गळतात, हे सांगायला अनेक बायका संकोचतात. बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यावर ओटीपोटाखालचे स्नायू सैल झालेले असतात. त्यात महिनाभराच्या खोकल्याची भर पडली की हा त्रास उघड होतो. मग बाहेर जाणं टाळलं जातं, पाणी कमी प्यायलं जातं आणि घसा आणखी कोरडा पडतो. त्यावर व्यायाम आणि उपचार आहेत. डॉक्टरांना हे सांगण्यात लाजण्यासारखं काही नाही.

झोपेचंही तसंच. घरात एकजण रात्रभर खोकत असेल तर त्या खोलीतलं कुणीच झोपत नाही. चिडचिड होते आणि खोकणाऱ्यालाच अपराधी वाटायला लागतं. 'मुद्दाम खोकतोय का?' या प्रश्नाऐवजी एक जास्तीची उशी आणि उशाशी पाण्याचा तांब्या जास्त कामाचा.

कधी अजिबात थांबायचं नाही?

खालीलपैकी काहीही असेल तर दिवस मोजत बसू नये, थेट डॉक्टरांकडे जावं :

• थुंकीतून रक्त पडणं, अगदी थोडं असलं तरी

• धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं

• ताप जाऊन पुन्हा येणं

• वजन घटणं, रात्री घाम येणं, भूक मरणं

• आवाज बसून तीन आठवडे होणं

• पायावर सूज, आडवं झाल्यावर दम लागणं

• गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसं, मधुमेह, हृदयविकार, एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं सुरू असलेल्यांचा वाढता खोकला

• तान्ह्या बाळाचा श्वास भरभर चालणं, छाती आत ओढली जाणं, दूध न पिणं

थोडक्यात, खोकल्याचं कॅलेंडर

खोकला सुरू झाला ती तारीख मोबाईलमध्ये लिहून ठेवा. 'बरेच दिवस झाले' या अंदाजापेक्षा ती तारीख तुम्हाला आणि डॉक्टरांनाही जास्त उपयोगी पडेल.

पहिले दोन आठवडे : धोक्याची लक्षणं नसतील तर आराम, मध, कोमट पाणी. मनाने अँटिबायोटिक नाही.

दोन आठवडे उलटले : डॉक्टरांना दाखवा आणि टीबीची तपासणी करून घ्या.

तीन ते आठ आठवडे : तपासणी स्वच्छ असेल आणि खोकला हळूहळू का होईना कमी होत असेल, तर धीर धरा. वाढत असेल तर पुन्हा दाखवा.

आठ आठवड्यांनंतर : दमा, अ‍ॅसिडिटी, सायनस, बीपीची गोळी, फुप्फुसाचे आजार या सगळ्यांची नीट तपासणी हवी.

आणि मेडिकलच्या काउंटरवर 'खोकल्याचं काहीतरी स्ट्राँग द्या' म्हणण्याआधी ती तारीख एकदा बघा. आठवा-नववा दिवस असेल आणि वरच्या यादीतलं कुठलंही लक्षण नसेल, तर बाटलीची गरज बहुधा नाही. पंधरा दिवस उलटले असतील, तर काउंटरवरून मागे फिरा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात जा.